कडेवरचं पोर

माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघायची मला लहानपणापासून खोड आहे. विहिरीवर पाणी शेंदताना लांब रस्त्यावर कोणी दिसलं, की बायका डोळे बारीक करून म्हणायच्या, कोण गं ते? मी मान वर न करता सांगायची, मलकापूरचा मामा, टाचा घासत येतोय. आई कपाळाला हात लावायची. म्हणायची, पोरीच्या जातीनं खाली बघून चालावं म्हणतात, पण हे असलं बघणं कोणी सांगितलं नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, लढाई संपल्यावर फौजेतून कायमचे घरी आले, तेव्हा मात्र मी फसले. जाताना दोन्ही पायांवर सारखा भार टाकून गेलेला माणूस डावीकडे झुकत परत आला. परमुलखात मांडीत गोळी लागली होती. पुण्याच्या लष्करी इस्पितळात त्यांना कितीतरी महिने ठेवून, उठवून, चालवून घरी पाठवलं होतं. "शिव्या दिऊन चालवलं मला," ते सांगायचे. "रडलो तरी सोडलं न्हाई भाद्दरांनी." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा, उलट कौतुक असायचं. त्या कौतुकावर पुढे माझं सगळं नशीब टांगलेलं असणार आहे, हे मला तेव्हा काय ठाऊक!

आबा घरी आले ते धाकट्याचं दुखणं होऊन गेल्यावर. धाकटा माझा भाऊ, माझ्यापेक्षा बराच लहान. मधली दोन भावंडं गेली होती, त्यामुळे तो नवसाचा. भर पावसाळ्यात त्याला ताप भरला, उतरला, आणि चार दिवसांनी आईने त्याला चुलीपुढे उभं केलं तर डावा पाय ओल्या चिंधीसारखा खाली दुमडला. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, वारं गेलं पायावरनं. अंगारे झाले, धुपारे झाले. पोलिओ हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकला.

त्या दिवसापासून धाकटा कडेवर गेला तो उतरलाच नाही. आमच्या उंब्रजकडच्या गावांत बाईचं खरं कौतुक करायचं तर म्हणतात, "तिनं पोर भुईला लागू दिलं न्हाई." आईने ते अक्षरशः पाळलं. ती दमली की चुलती घ्यायची, चुलती दमली की शेजारीण घ्यायची, आणि शाळेची फायनल देऊन घरी बसलेली मी होतेच. भाकरी थापतानाही आईची एक मांडी त्याच्यासाठी राखलेली. लुळा पाय तिच्या कमरेला वेढा घालून लोंबत असायचा आणि धाकटा राजासारखा वरून सगळीकडे बघायचा. आम्हाला वाटायचं, देवाने पाय नेला तर नेला, आम्ही काही कमी पडू दिलं नाही.

आबांनी आल्या आल्या त्याचा गुडघा धरून बघितला. गुडघा सरळ होईना. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, मिरजेच्या मिशन दवाखान्यात जायचं. धाकट्याला कडेवर घेऊन आई निघाली, आणि गोऱ्या लोकांशी बोलायला शिकलेलं माणूस हवं म्हणून मलाही बरोबर घेतलं. फायनल पास झालेल्या मुलीला इंग्रजी येतं, अशी त्यांची भाबडी समजूत होती. मला "ए, बी, सी" येत होतं आणि तेही तोंडपाठ नव्हतं.

सुदैवाने तिथल्या मडमेला मराठी येत होतं. पुस्तकातलं, खडखडीत, पण येत होतं. उंच, पिकल्या केसांची बाई. तिने धाकट्याला टेबलावर निजवलं, मांडीखाली हात घातला, टाच तळहातात धरली आणि नुसती थांबली. ओढलं नाही, दाबलं नाही. धाकटा आधी किंचाळत होता, तो हळूहळू गप्प झाला. त्याच्या कपाळावरची आठी गेली तेव्हाच तिने तो पाय केसभर पुढे नेला. मी तिच्या हातांकडे बघत होते.

मग तिने आईला विचारलं, "हा मुलगा दिवसभर कोठे असतो?"

आई तोऱ्यात म्हणाली, "कडंवरच असतो जी. भुईला लागू दिला न्हाई."

मडमेने आईच्या कमरेकडे बघितलं, मग धाकट्याच्या गुडघ्याकडे. म्हणाली, "तापाने पाय अशक्त केला. वाकडा तुम्ही केला."

आईचं तोंड एवढंसं झालं. त्या बाईचा मला इतका राग आला, की तिथल्या तिथे तिला काहीतरी बोलावं असं वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या हातांचा हेवाही वाटला. राग आणि हेवा एकदमच माझ्यात शिरले आणि त्यातला हेवा आजवर गेलेला नाही.

तिने सगळं नीट समजावलं. रात्री पाय फळीला बांधून सरळ ठेवायचा. दिवसा काही वेळ पालथं निजवायचं. पावलाला पाटाचा टेकू द्यायचा, म्हणजे ते खाली लोंबणार नाही. लोकर गरम पाण्यात बुडवून, पिळून, मांडीला गुंडाळायची आणि मग पाय हलवायचा, आधी आपण, नंतर त्याच्याकडून. आणि उचलायचं नाही. काही झालं तरी उचलायचं नाही. निघताना तिने मला मुलांची खोली दाखवली. ओळीने खाटा, खाटांवर पोरं, कोणाच्या पायाला फळी, कोणाच्या हाताला. आमच्या भागातलीच पोरं होती सगळी. मी गावोगाव असली पोरं बघितली होती. कोणाच्या कडेवर, कोणाच्या सोप्याच्या कोपऱ्यात. ती बरी करण्यासाठी असतात हे मला माहीतच नव्हतं.

मी तिला विचारलं, हे कुठे शिकवतात? ती म्हणाली, "याची शाळा येथे नाही. माझ्या देशात आहे. तू आधी परिचारिका हो. जूनमध्ये येथे नवा वर्ग बसतो. नंतर मुलांच्या खोलीत ये. मी येथे आहे तोपर्यंत तुला शिकवीन." थोडं थांबून म्हणाली, "लग्न झालेली मुलगी वर्गात घेत नाहीत."

येताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बेत केले. नर्सिंग शिकायचं, मग मुलांच्या खोलीत हात तयार करायचा, आणि मग परत यायचं. उंब्रजला बाजारच्या दिवशी एखाद्या झाडाखाली पाट टाकून बसायचं, आणि बाजाराला आलेल्या बायकांच्या कडेवरची पोरं एकेक करून खाली उतरवून घ्यायची. शाळा नाही, नोकरी नाही, त्या कामाला आपल्या भाषेत नाव नाही, आणि माझा बेत ताकारी स्टेशन यायच्या आत झाडाच्या सावलीपर्यंत पोचला होता. बोलाचीच कढी, दुसरं काय!

घरी विषय काढला आणि भडका उडाला. नर्स म्हणजे परक्या गड्यांच्या अंगाला हात लावणार! मी म्हटलं, पोरांच्या. आई म्हणाली, "पोरं मोठी होत न्हाईत व्हय?" त्यातच मामा स्थळ घेऊन आला. विट्याची माणसं, लांब कुठल्याशा शहरात सोनं गाळायचं दुकान. मुलगा दुकानातून वर्षात एकदा येणार आणि या खेपेला वैशाखात लग्न उरकूनच जाणार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मला त्या मुलाबद्दल वाईट बोलायचं नाही. मी त्याला बघितलंही नव्हतं. पण ते शहर, ते दुकान, तिथली भाषा, हे ऐकताना माझ्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. तिथे गेले की संपलं, एवढंच कळत होतं.

मी जेवण सोडलं. त्याने कोणाला काही फरक पडेना. मी रडले, त्यानेही पडेना. मग एक दिवस आबा सोप्यात सुतळी वळत बसले होते, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आबा, तुम्हाला शिव्या देऊन कोणी चालवलं नसतं तर?

त्यांनी सुतळीला गाठ मारली. मग म्हणाले, "पाडव्याला पंचांग ऐकाया समदं गाव मारुतीला जातंय. ह्यो दारापासनं देवळापातूर आपल्या पायानं गेला, तर तू मिरजंला. न्हाई गेला, तर विटा. पुन्हा रडायचं न्हाई."

मी हो म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार. आबांनी मला पाडव्यापर्यंतची मुदत दिली आणि माझी सगळी भिस्त एका चार-पाच वर्षांच्या पोराच्या वाळक्या पायावर येऊन पडली.

थंडीचे ते दिवस आठवले की अजून माझ्या हातांना ओल्या घोंगडीचा वास येतो. जुनी घोंगडी फाडून मी तुकडे केले, ते उकळत्या पाण्यातून काठीने काढून पिळायचे, बोटं भाजायची, आणि मेंढरासारखा वास मारणारं ते कापड त्याच्या मांडीला गुंडाळायचं. फळी सुताराने दिली. पाय बांधायला आबांनी ट्रंकेतून आपल्या फौजेतल्या पायाच्या पट्ट्या काढून दिल्या. लोकरीच्या, लांब, मऊ झालेल्या. धाकटा रडायचा. नुसता रडायचा नाही, नावाने हाका मारायचा. आई, चुलती, शेजारीण, ज्यांनी ज्यांनी त्याला कडेवर घेतलं होतं त्या सगळ्यांना. मला तो हाक मारत नसे, कारण मीच त्याला बांधत होते. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "भन हाय का वैरीण?"

मी पाण्याला गेले की आई पट्ट्या सोडायची. चोरून नाही, उघडउघड. मी परत यायची तेव्हा धाकटा तिच्या कडेवर, पाय पुन्हा कमरेला वेढा घालून. आठवड्याभरात सरळ केलेला गुडघा एका दुपारीत मागे जायचा. पालथ्या घड्यावर पाणी! मी भांडायची, ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते रडतंय गं. मला न्हाई बघवत." यावर काय बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. मी परसात जाऊन तोंड दाबून रडायची. एकदा तर मनात आलं, जावं सरळ विट्याला, निदान याला बांधायचं तरी थांबेल. मग त्याचा पाय आठवायचा आणि मी पुन्हा चुलीवर पाणी ठेवायची. खरं सांगायचं तर मला कळेनासं झालं होतं, मी त्याच्यासाठी त्याला चालवतेय की माझ्यासाठी. तो घोर मला भाजलेल्या बोटांपेक्षा जास्त दुखत होता.

माघ सरता सरता तो भिंत धरून उभा राहिला. शिमग्यात फळी पायाच्या मागे बांधून, काठी हातात देऊन, दोन-चार पावलं टाकू लागला. पडायचा. पडलं तर पालथं व्हायचं, हात टेकायचे, चांगला पाय आत घ्यायचा, काठी धरायची, उठायचं, हे मी त्याला खेळासारखं शिकवलं. आई तेवढ्यापुरती घरातून निघून जायची.

पाडव्याला गुढी उभी झाली, आबांनी नवी काठी तासून ठेवली होती. मी फळी बांधायला बसले. धाकटा म्हणाला, "आक्का, घट्ट बांध." आई नैवेद्याचं ताट घेऊन पुढे, आबा बाजूला, मी मागे. मामाही आला होता. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. टक, पाय, टक, पाय, असा तो निघाला. मी त्याच्या पावलांखेरीज काही बघत नव्हते. गल्ली संपली. पार आला. पारापाशी जमीन उतरती होते, तिथे काठी खडीवरून निसटली आणि तो डोलला. पडला नाही, नुसता डोलला.

आईने वळून ताट माझ्या हातात कोंबलं आणि त्याला उचलून कडेवर घेतलं.

विचार करून केलं नाही तिने. तिचा हातच तसा होता. मी ताट धरून उभी राहिले. मग मामा घसा साफ करून म्हणाला, "झालं तर. मी उद्या विट्याला निरोप धाडतो." मला रडू आलं नाही. मी आबांकडे बघितलं, ते खाली बघत होते. दिलेला शब्द त्यांना फिरवता येत नव्हता, हे मला दिसत होतं.

धाकटा आईच्या खांद्यावर बुक्क्या मारायला लागला. "सोड! खाली सोड मला!" आईला काही उमजेना, ती त्याला आणखीच आवळून धरायला लागली. त्याने तिचं कानातलं धरून ओढलं. तेव्हा कुठे तिने त्याला उतरवलं. तो धापा टाकत आबांना म्हणाला, "ह्ये हिशेबात धरू नगा. म्या पुन्यांदा येतो. घरापासनं."

आणि वळला, आणि घराकडे निघाला.

आबा त्याच्यामागे गेले. दोघंही एकेका पायाने झुकत चालले होते, धाकटा डावीकडे, आबाही डावीकडे. मामा म्हणाला, "आवं दाजी, पोराला ऊन लागंल." आबांनी मागे बघितलं नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवले होते.

दाराच्या उंबऱ्याला काठी टेकवून धाकटा परत फिरला. देवळात पंचांग सुरू झालं होतं, गल्लीत आता बघणारं कोणी नव्हतं. तो घामाने भिजला होता. पारापाशी, त्याच उतारावर, या खेपेला तो खरोखर पडला. तोंडावर. आईच्या घशातून आवाज आला. मी बघितलं, तिने आपला पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि मुठी इतक्या आवळल्या होत्या, की लुगडं टरकायला आलं होतं. माझ्या हातात ताट होतं, पोळीवर माश्या बसत होत्या, आणि मी मनात ओरडत होते, पालथा हो, हात टेक, पाय आत घे. त्याने यातलं काही केलं नाही. तो सरपटत पाराच्या दगडापर्यंत गेला, दगडाच्या कडेला बोटं रोवली आणि स्वतःला वर ओढून घेतलं. काठी तिथेच पडली होती. आबांनी ती पायाने त्याच्याकडे सरकवली. हात पाठीमागचे सोडले नाहीत.

मारुतीच्या पायरीवर तो बसला तेव्हा त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं. आईने पदराने ते पुसलं. मामा घसा साफ करत राहिला. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "कवा जायाचं हाय मिरजंला?"

ज्येष्ठात निघाले. मसूरच्या स्टेशनवर आबा, आई आणि धाकटा पोचवायला आले. पुढे काय होणार हे मला मुळीच माहीत नव्हतं. मडम अजून तिथे आहे की मायदेशी गेली, जे शिकायचं ते मला कोणी शिकवणार की नुसत्या खाटा झाडायला लावणार, यातलं काही नक्की नव्हतं. गाडीचा धूर दिसला तेव्हा धाकट्याने काठी टाकून दोन्ही हात वर केले.

"आक्का, येकदा घे की गं."

सगळ्या थंडीत मी त्याला एकदाही घेतलं नव्हतं. मी त्याला उचललं. तो जड झाला होता. मी त्याला कडेवर बसवायला गेले, पण फळीला बांधलेला पाय वाकेना, माझ्या कमरेला वेढा घालीना, सरळ पुढे निघून राहिला. मला त्याला नीट धरताच येईना. मी तशीच त्याला छातीशी धरून रडत उभी राहिले.

गाडी आली. आई म्हणाली, "दे इकडं त्याला, गाडी सुटंल." मी त्याला तिच्या हातात दिलं. डब्यात चढून मागे बघितलं, तर आईने त्याला खाली भुईवर उभं केलं होतं आणि वाकून त्याची काठी त्याच्या हातात देत होती.